महिन्यातले दहा दिवस घरी नसताना रीफ टँक कसा सांभाळायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या टिळकवाडीत घर, संप (खालची, पंप-फिल्टरची टाकी) धरून 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांचा आणि कोरलांचा), दर महिन्याला आठ-दहा दिवस पुण्यात मुक्काम, घरी आई-वडील. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं), डोसिंग पंप (रसायनं मोजून सोडणारा), ऑटो फीडर (खाणं टाकणारा) यांतलं काय काय घ्यावं?

तुम्ही धरलीय त्यापेक्षा यादी छोटी निघेल. यंत्र नाही म्हणून टँक गेला असं क्वचित होतं. यंत्र अडकलं आणि बघायला कोणी नव्हतं, असंच जास्त वेळा घडतं. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी एक हिशेब करा: हे दहा दिवस अडकून राहिलं तर जास्तीत जास्त काय बिघडवेल?

सुरुवात टॉप-ऑफपासून, कारण ते मात्र लागतंच. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्यामुळे भर घालायची ती आरओ-डीआयच्या (आरओनंतर रेझिनमधून गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याची. तुमच्या आकाराच्या टँकमधून दिवसाला साधारण दोन-तीन लिटर जातं. एप्रिल-मेमध्ये संपवर पंखा लावला की चार-पाच लिटर, आणि जुलैत, बेळगावात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात तेव्हा, दीड लिटरसुद्धा नाही. म्हणून कॅनला कागदी टेप चिकटवून प्रत्येक ऋतूत चार दिवस मोजून घ्या.

आता अडकण्याचा हिशेब. दहा दिवसांची सोय म्हणून 30 लिटरचा कॅन ठेवलात आणि सेन्सरवर गोगलगाय बसली, तर सगळं गोडं पाणी एकदम आत येईल. 35 पीपीटी (हजारात इतके भाग मीठ) क्षारता 30च्या आसपास उतरेल. मासे तग धरतील, पण कोळंबी आणि गोगलगायी बहुतेक जातील, वर संप भरून पाणी फरशीवर येईल ते वेगळंच. त्याऐवजी 12 लिटरचाच कॅन ठेवा आणि दर चौथ्या दिवशी (एप्रिल-मेमध्ये पंखा असेल तर दर दुसऱ्या दिवशी) आईंना भरायला सांगा. तो सगळा रिकामा झाला तरी क्षारता 33च्या खाली जात नाही. कोरल मिटून बसतील, मरणार नाहीत. संपमध्ये मात्र या 12 लिटरची आणि वीज गेल्यावर वरून परत येणाऱ्या पाण्याची, दोन्हींची जागा मोकळी हवी. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर नेणारा) बंद करून पाणी कुठवर चढतं ते एकदा बघा, आणि त्या रेषेच्या वर 12 लिटर मावतात का ते मोजा.

दोन सेन्सरवालं टॉप-ऑफ घ्या: एक रोजचा, दुसरा थोडा वर, पहिला अडकला तर पंप बंद करणारा. पंप सलग ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालू नये अशी सोय त्यात असली तर फारच बरं. नळीचं टोक संपच्या पाण्यात बुडलेलं नको, आणि कॅनमधलं पाणी त्या टोकापेक्षा खालच्या पातळीवर हवं. नाहीतर पंप थांबला तरी सायफनने पाणी येतच राहतं, आणि लोक सेन्सरला दोष देत बसतात.

स्वयंपाकघरातला आरओ यासाठी चालत नाही. त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. डीआय रेझिननंतर टीडीएस मीटरवर (तो विरघळलेले क्षार मोजतो) 0 दिसायला हवं. राकसकोप-हिडकलच्या पाण्यावर रेझिन बरं टिकतं. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडलं की ते भराभर संपतं, तेव्हा मीटर वरचेवर बघा. आणि गोवा जवळ आहे म्हणून चोर्ला घाटातून समुद्राच्या पाण्याचे कॅन आणायचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्यात नद्यांच्या गढूळ, गोड्या पाण्याने किनाऱ्याचं पाणी भरवशाचं राहत नाही. पाकिटातलं मीठ महाग पडलं तरी दर वेळी तेच मिळतं.

स्किमर (फेसातून पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र) आणि टॉप-ऑफ यांची जोडी फार फसवी. स्किमर जास्त फेसाळला की कपातून खारं पाणी बाहेर जातं, संपची पातळी उतरते, आणि टॉप-ऑफ इमानदारीने तिथे गोडं पाणी भरतं. पातळी नेहमीची दिसते, क्षारता मात्र रोज खाली जाते. निघायच्या दोन दिवस आधी कप आणि त्याची मान घासून धुवा, स्किमरमधल्या पाण्याची पातळी थोडी खाली ठेवून तो कोरडा चालवा, आणि कपाची नळी दोन लिटरच्या बाटलीत सोडा. बाटलीच्या झाकणाला नळीपुरतं भोक पाडा आणि हवेसाठी दुसरं बारीक भोक ठेवा. बाटलीत फ्लोट स्विच टाकून ती भरली की स्किमर बंद होईल अशी जोडणी करता आली तर उत्तमच.

ऑटो फीडर मी घेणार नाही, निदान जून ते ऑक्टोबर तरी नाही. दमट हवेत दाण्यांचा गोळा होतो, मग चार दिवस काहीच पडत नाही आणि पाचव्या दिवशी सगळं एकदम पडतं. त्याऐवजी औषधांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणा, एका कप्प्यात एका दिवसाचे दाणे भरा, उरलेला डबा कपाटात कुलपात ठेवा. हे गमतीने म्हणत नाही. काचेजवळ माणूस दिसला की क्लाउनफिश धावत येतात, आणि घरातल्या मोठ्यांना वाटतं पोरं उपाशी आहेत. जास्तीचं खाणं कुजतं, अमोनिया वाढतो, फॉस्फेट चढतं. धडधाकट मोठा क्लाउन किंवा डॅमसेल तीन-चार दिवस न खाता आरामात राहतो, त्यामुळे एक दिवसाआड दिलं तरी बिघडत नाही. अँथियससारखे दिवसातून अनेकदा खाणारे मासे मात्र तुमच्या वेळापत्रकात पाळू नका.

हेस्कॉमची वीज गेली की पहिला धोका ऑक्सिजनचा. तापमानाचा नंतर, कारण 200 लिटर पाणी सावकाश थंड होतं. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) ठेवा, हीटर अजिबात नको. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1800 वॉट-अवर असतात, त्यातले निम्मे वापरायचे धरा. 15 वॉटचा वेव्हमेकर आणि इन्व्हर्टरची स्वतःची 20 वॉटच्या आसपासची खपत मिळून एक दिवस निघतो. पण त्याच इन्व्हर्टरवर आई-वडिलांचा 75 वॉटचा पंखाही असणार, मग आठ तासच धरा. म्हणून शंभर-दोनशे लिटरला पुरेल असा, वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप वेगळा लावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी मोटरचे पंप घरघरतात आणि तापतात.

स्मार्ट प्लग वापरत असाल तर वीज परत आल्यावर तो चालू होतो की बंद राहतो, हे सेटिंग तपासा. वायरमनकडून टँकचे दोन वेगळे आरसीबीओ (विजेची गळती झाली की ट्रिप होणारे ब्रेकर) करून घ्या: एकावर रिटर्न आणि हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर. हीटर फुटून एक ट्रिप झाला तरी पाणी हलत राहतं. आणि 200 वॉटच्या एका हीटरऐवजी 100चे दोन, बाहेरच्या कंट्रोलरवर. कंट्रोलर 25.5 अंशांना, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 26.5 ला. कंट्रोलर अडकला तरी दुसरी मर्यादा राहते, आणि एखादा हीटर अडकला तरी एकटा 100 वॉट टँक उकडवत नाही.

डोसिंग पंपाबद्दल माझं मत: नको. सगळी कठीण कोरलं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये 2001 पासून आहेत, तेव्हा घरच्या टँकमध्ये त्यांचा विचारच करू नका. मशरूम, झोअँथस, लेदर यांसारखी मऊ कोरलं कॅल्शियम फार ओढत नाहीत. क्षारीयता (अल्कलिनिटी, ही डीकेएचमध्ये मोजतात; क्षारता म्हणजे खारेपणा, तो वेगळा) मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. रोजची घट 0.1 डीकेएचच्या आसपास निघाली, तर दहा दिवसांत जेमतेम 1 जाते. 200 लिटरला 1 डीकेएच म्हणजे 6 ग्रॅम खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. आरओ पाण्यात विरघळवून निघण्याआधीच्या तीन दिवसांत 2-2 ग्रॅम सोडा, 8 वरून 9 वर न्या, आणि निघा. टॉप-ऑफच्या कॅनमध्ये चुन्याचं पाणी घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टॉप-ऑफ अडकलं की क्षारतेबरोबर पीएचही हाताबाहेर जातो.

निघण्याआधीचा आठवडाभर नवा मासा, नवं कोरल, नवं मीठ, नवा दिवा काही नको. घरच्यांसाठी एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: थर्मामीटर 24 ते 28 च्या बाहेर गेला तर फोन, पाणी फरशीवर दिसलं तर टॉप-ऑफचा लाल टेप लावलेला प्लग काढा, मासा मेलेला दिसला तर जाळीने बाहेर. अडीअडचणीला येणारा शेजारचा मुलगा कन्नड शाळेतला असेल तर तोच कागद कन्नडमध्येही.

परत आल्यावर आधी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचा), मग बाकी सगळं. तो 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवलेला असू द्या, नुसत्या साध्या पाण्यावर नव्हे. क्षारता 33 निघाली तर दिवसाला 1 पीपीटीपेक्षा वेगाने वर नेऊ नका. टॉप-ऑफ बंद ठेवून खाऱ्या पाण्यानेच भर घालत गेलात तर साधारण चार ते सहा दिवसांत ती आपसूक जागेवर येते. 20 लिटरचा पाणीबदल त्यानंतर.