समुपदेशक म्हणतात, समुद्रावर चालत बोलू. जाऊ का?

प्रश्न : ताई, मी गुहागरजवळच्या एका गावात राहते. नवरा मुंबईला नोकरीला, मी, सासूबाई आणि मुलगी गावी. वडील गेल्यापासून झोप उडाली आहे, कशातच जीव रमत नाही. चिपळूणला एका समुपदेशकांकडे जाते. खोलीत त्यांच्यासमोर बसलं की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. पुढच्या वेळी गुहागरच्या किनाऱ्यावर चालता चालता बोलू, असं त्यांनी सुचवलंय. पण ते पुरुष आहेत. गावातल्या कुणी पाहिलं तर? आणि याला खरंच उपचार म्हणायचं, की फिरायला जाण्याची फी द्यायची?

उत्तर : उपचारच आहे, मात्र सोबतचा माणूस प्रशिक्षित हवा. समोरासमोर बसलं की नजरेला नजर द्यावी लागते आणि जरा गप्प झालं तरी अवघडतं. शेजारी चालताना तसं होत नाही. आपल्याकडच्या बायका मनातलं कधी बोलतात बघा : भाजी निवडताना, मान खाली असताना. चालण्याचा स्वतःचाही थोडा हातभार लागतो. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना ९० मिनिटं झाडीतून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालवलं. झाडीतून आलेल्यांचं तेच ते उगाळणं कमी झालं. अभ्यास छोटा होता, तेव्हा त्यावर फार उड्या मारू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. मला विचाराल तर गुहागरचा किनारा नको. लोकांना दिसणं वेगळं आणि ऐकू जाणं वेगळं. किनाऱ्यावर लाटांमुळे शेजारून गेलेल्यालाही काही कळणार नाही, पण सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत सगळ्यांना तुम्ही दिसणार. वाडीतल्या पाखाडीवर, म्हणजे घरांमधल्या अरुंद पायवाटेवर, उलट : दिसणार कमी, पण प्रत्येक पडवीत कान. शिवाय पाखाडीवर दोघांना शेजारी चालताच येत नाही, एकाने पुढे आणि एकाने मागे राहून कसलं बोलणं होणार? सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, ऐकायला कुणी नसतं, पण सावलीही नसते. तुम्ही चिपळूणला जाताच आहात, तर तिथेच चाला. तिथे तुम्हाला ओळखणारे कमीच. गोवळकोटच्या बाजूला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा.

निघण्यापूर्वी खोलीतच बसून ठरवून घ्या : ओळखीचं कुणी भेटलं तर काय करायचं? समुपदेशकांनी स्वतःहून कुणाशी तुमची ओळख करून द्यायची नाही, आधी तुम्ही बोलायचं. रडू आलं तर कुठे थांबायचं, तेही ठरवा. नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुमच्या हातात. समुपदेशकांनी परस्पर सांगता कामा नये, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. एवढं करूनही सारखं मागे वळून पाहावं लागणार असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. बाई समुपदेशक हवी असेल तर तसंही सांगा. त्यात त्यांचा अपमान नाही, आणि झालाच तर तो त्यांनी सोसावा.

झोपेसाठी किंवा मनासाठी गोळ्या चालू असतील तर उन्हात चालण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी घाम कमी येतो, ऊन बाधतं. लिथियम घेणाऱ्यांनी तर पाणी कमी पडूच देऊ नये. जीव द्यावासा वाटतो, कानात आवाज येतात, अशा अवस्थेत चालत बोलणं हा उपाय नाही. तेव्हा थेट डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही, पण झोप उडाल्याचं लिहिलंत म्हणून आठवण केली.

पहिल्यांदा अर्धा तासच चाला आणि उरलेला वेळ खोलीत बसा. बाहेर सुटलेलं बोलणं आत आल्यावर चालू राहतं का, ते कळेल. फी पूर्णच द्यावी लागेल. त्यांचा वेळ आणि लक्ष तेवढंच जातं, उलट रस्त्यावरच्या गाड्याही त्यांनाच बघायच्या असतात. चालून झाल्यावर टपरीवर चहा मात्र नको. त्याने उपचार राहतो बाजूला आणि नुसत्या गप्पा होतात, आणि एसटीतून उतरलेलं तुमच्या गावातलं कुणी ना कुणी टपरीवरच बसलेलं असतं.