नावापुढे क्रियापद लिही

नाशिक, रविवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘यातली माझी खरी आवड कोणती?’ असं विचारत तू पाठवलेली यादी वाचली. फोटोग्राफी, कोडिंग, जपानी, मातीकाम, पक्षी, इतिहास, यूपीएससी. सात नावं, आणि एकापुढेही क्रियापद नाही. फोटोग्राफीत तुला नेमकं काय करायला आवडतं? पहाटे उठून उजेडाची वाट बघत बसणं, की रात्री तीनशे फोटोंतून चार निवडणं? यातलं एकच सोसणारी माणसं पुष्कळ असतात. तेव्हा पहिलं काम हे: प्रत्येक नावापुढे त्यातलं रोजचं, रटाळ काम लिही. ज्याच्यापुढे काहीच सुचणार नाही, ते नाव तुला मोबाइलने दिलंय असं धरून चाल.

मोबाइल काय मोजतो ते समजून घे. तुझा अंगठा कुठे थांबला हे त्याला कळतं, का थांबला ते नाही. रस्त्यात अपघात झाला तरी माणूस थांबतोच, म्हणून काय त्याला अपघात आवडतात? थांबलीस की तसलंच आणखी समोर येतं आणि आठवडाभरात ते आपलंच वाटायला लागतं. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी पुसून टाक. मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं होईल. मग दहा दिवस तू स्वतःहून काय शोधतेस ते वहीत उतरव. इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेल्या शेवटच्या पन्नास गोष्टी उघड आणि त्यातल्या किती पुन्हा पाहिल्या होत्यास ते मोज. आकडा बहुधा लाजिरवाणा येईल. पण ज्या दोन-तीन गोष्टींकडे परत गेली होतीस, त्यांच्यावर खूण कर.

आता सातातली दोन ठेव. निफाडकडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला विचार: ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर आलेले सगळे घड कोणी ठेवत नाही. ठेवले तर मणी बारीक राहतात आणि गोडी भरत नाही. चांगला दिसणारा घडही कापावा लागतो. उरलेली पाच नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिही. ती कुठे पळून जात नाहीत.

त्या दोघांना प्रत्येकी सहा बैठका दे. बैठक पंचेचाळीस मिनिटांची, प्रत्येकीची आठवड्यातून दोनदा, म्हणजे तीन आठवडे. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. हौशी माणूस सगळ्यात आधी सामान घेतो, आणि मग सामानाची लाज वाटते म्हणून आवड ओढत राहतो. क्रमही उलटा ठेव: आधी काम कर, अडलीस की तो एकच प्रश्न लिही, आणि बैठकीनंतर तेवढंच शोध. आधी व्हिडिओ पाहिला की दुसऱ्याचं तयार काम डोळ्यांत भरतं, आपलं पहिलंवहिलं केविलवाणं दिसतं, आणि हात कामाकडे जाण्याऐवजी पुढच्या व्हिडिओकडे जातो.

इतिहासाचंच घे. सातवाहनांवर वीस व्हिडिओ बघू नकोस. ब्राह्मीची, म्हणजे त्या काळच्या लिपीची, दहा अक्षरं कागदावर गिरव. क म्हणजे अधिकाचं चिन्ह, तू बघायला जाशील त्या लेखात त्याचा खालचा दांडा जरा लांबलेला. ठ म्हणजे आपल्या ठ च्या पोटातलं नुसतं वर्तुळ. तो कागद घेऊन सकाळी पांडवलेण्यात जा. लेणं क्रमांक तीनच्या ओसरीतल्या भिंतीवर सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा कोरीव लेख आहे, दुसऱ्या शतकातला. त्यात ती अक्षरं शोध. भिंतीला हात लावायचा नाही, नीट दिसावं म्हणून खडू फिरवायचा नाही. घरी आल्यावर ‘हे अक्षर इथे असं का वळलं’ हा प्रश्न डोक्यात राहिला, तर क्रियापद सापडलं. लेख विसरून वरचा वारा आणि खाली पसरलेलं शहरच आठवत राहिलं, तर तुला डोंगर आवडतो. तेही लिही, ते अपयश नाही.

पक्ष्यांसाठी थंडीत नांदूर मध्यमेश्वर. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये जाहीर झालेली. दुर्बीण विकत घेऊ नकोस, कोणाची तरी 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, माग. वीसपट मोठं दाखवणारी हातात नुसती थरथरते. एका जागी बस आणि ॲप उघडण्याआधी पाच पक्ष्यांचं वर्णन शब्दांत लिही: चोच, पाय, पाण्यावर बसण्याची ढब.

चौथ्या बैठकीला सांभाळ. नवलाई ओसरलेली असते आणि हात अजून बसलेला नसतो. ‘ही माझी आवडच नव्हती’ असं बहुतेक लोक याच दिवशी ठरवतात. तू सहावीनंतर ठरव. दर बैठकीला तीन ओळी पुरे: घड्याळाकडे कितीदा पाहिलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करून बघायचंय. ‘छान वाटलं’ असं लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. तिसरी ओळ न रेटता लिहून झाली, आणि तीही दोन-तीनदा, तर ती गोष्ट सोडू नकोस. तोवर काहीही पोस्ट करायचं नाही. शाबासकी मिसळली की कामाची चव वेगळी कळत नाही. ‘याचं पुढे काय?’ असं घरात कोणी विचारलं, तर तीन आठवड्यांनी सांगते म्हण.

लांबलचक यादीची लाज मात्र बाळगू नकोस. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची यादी तुझ्याहून लांब होती: चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा. मोठा चित्रपट करण्याआधी त्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा लावला, रोप वाढताना त्याची थोडी थोडी चित्रं घेतली आणि छोटी फीत केली. भांडवलासाठी तीच लोकांना दाखवली. 1913 मध्ये चित्रपट आला. पण हे उदाहरण पळवाट म्हणून वापरू नकोस. त्या यादीतलं प्रत्येक काम त्यांनी हातांनी केलेलं होतं.

दोहोंपैकी एक टिकलं, तर नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’त जा. 1840 सालची संस्था आहे. त्या विषयाच्या फळीसमोर उभी राहा आणि एकच पुस्तक घे. फळी कुठेतरी संपते, स्क्रोल संपत नाही.

सहावी बैठक झाली की वहीतली तेवढी तिसरी ओळ लिहून पाठव. यादी नको.

तुझे,
सर