शंभर क्लिप्स, सगळ्यांचं नाव ‘ऑडिओ’: आवरायचं कसं?

तुम्ही विचारलंय की ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) निवेदन रेकॉर्ड करता करता शंभराच्या वर क्लिप्स, म्हणजे आवाजाचे सुटे तुकडे, झाल्यात, नावाच्या जागी ‘ऑडिओ’ आणि पुढे नुसते आकडे, हवा तो टेक (एका वेळचं वाचन) सापडत नाही. मी ऑडिओबुकसाठी वाचन करते आणि संकलनही माझं मीच करते, त्यामुळे हा गुंता चांगलाच ओळखीचा आहे.

आधी एक सांगते, शंभरच्या शंभर क्लिप्सना नावं देत बसू नका. तिसाव्या क्लिपला कंटाळाल. एकदा ऐकत जा, नको त्या उडवा, उरतील त्यांनाच नाव द्या. ऑडॅसिटीच्या ३.१ आवृत्तीपासून क्लिपच्या डोक्यावर नावाची पट्टी असते. नावावर डबल-क्लिक केलं की बदलता येतं. मी क्रमांक आणि क्लिपमधले पहिले दोन-तीन शब्द लिहिते: ‘०७ पाऊस थांबला’. टेक बिघडलाय पण ठेवायचाय, तर बिघाडही लिहिते: ‘०७ पाऊस थांबला, शेवटी खुर्ची करकरली’. ‘बरा’, ‘चांगला’ असे शेरे आठवड्याने मलाच कळत नाहीत.

पण मुळात इतक्या क्लिप्स होतात कशाने? चुकलं की थांबवायचं, पुन्हा बटण दाबायचं, यानेच. मी थांबतच नाही. अडखळले की माइकसमोर दोन टाळ्या वाजवते, श्वास घेते आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचते. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात, दोन उभ्या काड्या लांबूनही दिसतात. नंतर काड्या शोधायच्या आणि त्यांच्या डावीकडचं फसलेलं वाक्य कापायचं. अख्खं प्रकरण एका क्लिपमध्ये बसतं. (हेडफोन कानावर असेल तर टाळी जरा बेतानं!)

रेकॉर्ड दाबण्याआधी ट्रॅकला (ज्या पट्टीत क्लिप्स रेकॉर्ड होतात तिला) नाव द्यायची सवयही लावून घ्या. रीपर किंवा प्रो टूल्स या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तर डिस्कवरच्या फाइललासुद्धा ट्रॅकचं नाव लागतं.

उद्या त्यांच्याकडे वळलात तर एक लक्षात ठेवा, क्लिपचं नाव वेगळं आणि फाइलचं वेगळं. रीपरमध्ये आयटमचं (तिथे क्लिपला आयटम म्हणतात) नाव बदललं तरी डिस्कवरची वेव्ह फाइल जुन्याच नावाने राहते. प्रो टूल्स विचारतं, फक्त क्लिपचं बदलू की फाइलचंही? मी एकदा नीटनेटकेपणाच्या भरात फोल्डर उघडून थेट फाइल्सचीच नावं बदलली. प्रोजेक्ट उघडलं तर क्लिप्स जागच्या जागी, आवाज मात्र कुठेच नाही. एकेक फाइल परत दाखवून देण्यात संध्याकाळ गेली. ऑडॅसिटीत ही भीती नाही, कारण २०२१ मध्ये आलेल्या ३.० पासून सगळं एकाच प्रोजेक्ट फाइलमध्ये असतं.

तुकडे वेगवेगळ्या फाइल्स करून पाठवायचे असतील तर ऑडॅसिटीत क्लिपच्या नावांपेक्षा लेबलं, म्हणजे निवडलेल्या भागाला लावलेल्या नावाच्या चिठ्ठ्या, कामाची. भाग निवडा, कंट्रोल-बी दाबा, नाव टाइप करा. एक्सपोर्ट करताना लेबलांनुसार अनेक फाइल्स करायचा पर्याय निवडला की लेबलाचं नाव तेच फाइलचं नाव. लेबलात प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ किंवा ‘१०:३०’सारखी अपूर्णविराम (:) असलेली वेळ घालू नका, विंडोजला फाइलच्या नावात ती चिन्हं चालत नाहीत.