स्कोप संगणकाच्या हाती देताना

या अंकात ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं उपकरण, थोडक्यात ‘स्कोप’) संगणकावरून चालवण्याबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. स्कोपला पाठवायच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे नागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करा. आज्ञा मुद्दाम पूर्ण लिहिल्या आहेत. एससीपीआय या आज्ञाभाषेत मोठ्या शब्दाचं एकच लघुरूप चालतं: रोमनमधली पहिली चार अक्षरं, आणि चौथं अक्षर स्वर असेल तर फक्त तीन. ‘वेव्हफॉर्म’मधलं चौथं अक्षर ‘ई’, म्हणून त्याचं लघुरूप तीन अक्षरांचं. चार लिहिली की स्कोप आज्ञा मुकाट्याने टाकून देतो आणि माणूस केबल बदलत बसतो.

प्रश्न: आमच्या प्रयोगशाळेत रायगॉल डीएस1054झेड स्कोप आहेत. पायथॉन थोडंफार येतं. लॅनने जोडून मोजमापं थेट संगणकात घ्यायची आहेत. सुरुवात कुठून करावी? (सांगली)

उत्तर: प्रोग्राम बाजूला ठेवा. आधी पत्ता, पिंग (त्या पत्त्यावर कोणी आहे का, हे पाहणारी संगणकाची आज्ञा) आणि ओळख या तीन गोष्टी हाताने जमल्या पाहिजेत.

स्कोपवर ‘यूटिलिटी’, मग ‘आयओ सेटिंग’, मग लॅनची मांडणी उघडा. डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळण्याची सोय) चालू असेल तर राउटर आज एक पत्ता देईल, वीज जाऊन आली की दुसरा. तुमचा प्रोग्राम मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहील. म्हणून पत्ता कायमचा द्या. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर जोडणार असाल तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून मोकळा पत्ता मागून घ्या. एकच स्कोप आणि एकच संगणक असेल तर मध्ये स्विचही लागत नाही. साधी लॅन केबल घ्या, स्कोपला 192.168.1.50, संगणकाच्या लॅन पोर्टला 192.168.1.10 आणि दोन्हीकडे सबनेट मास्क 255.255.255.0 द्या. फक्त संगणकाचं वायफाय त्याच 192.168.1 मालिकेत नाही ना, हे बघा. असेल तर स्कोपसाठी निघालेला संदेश वायफायकडे जाऊ शकतो. अशा वेळी या जोडीला 192.168.77 अशी वेगळी मालिका द्यावी.

पिंगला उत्तर आलं की टेलनेट किंवा नेटकॅटने स्कोपच्या 5555 क्रमांकाच्या पोर्टला जोडा आणि *आयडीएन? पाठवा. उत्तरात स्वल्पविरामांनी तोडलेले चार तुकडे येतात: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती. हे आलं की तार, पत्ता आणि स्कोप तिन्ही ठीक आहेत. पुढे जे काही अडेल ते प्रोग्राममध्ये शोधायचं.

पायथॉनसाठी ‘पायव्हिसा’ आणि ‘पायव्हिसा-पाय’ ही दोन पॅकेजं पिपने घ्या. रीसोर्स मॅनेजर उघडताना ‘@पाय’ दिलं की नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं मोठं व्हिसा सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. पत्ता ‘टीसीपीआयपी0::192.168.1.50::इन्स्टर’ अशा रूपात द्यायचा. 5555 पोर्टवरूनही काम होतं, पण त्याचा एक त्रास आहे, तो पुढे येईल.

आता एका चॅनलची स्मृती वाचण्याचा क्रम:

:रन
:अक्वायर:एमडेप्थ 120000
:सिंगल
(ट्रिगर, म्हणजे लहर पकडण्याचा ठरवलेला इशारा, येऊन स्कोप थांबेपर्यंत वाट पाहायची)
:वेव्हफॉर्म:सोर्स चॅनल1
:वेव्हफॉर्म:मोड रॉ
:वेव्हफॉर्म:फॉरमॅट बाइट
:वेव्हफॉर्म:स्टार्ट 1
:वेव्हफॉर्म:स्टॉप 120000
:वेव्हफॉर्म:प्रीअँबल?
:वेव्हफॉर्म:डेटा?

यातला क्रम बदलून चालत नाही. स्मृतीची खोली स्कोप ‘रन’मध्ये असतानाच बदलते आणि ‘रॉ’ डेटा तो थांबलेला असतानाच मिळतो. 120000 हा आकडाही एकच चॅनल चालू असताना चालतो. दोन असतील तर 60000, तीन किंवा चार असतील तर 30000. वापरात नसलेला चॅनल पडद्यावर चालू राहिला की खोली नाकारली जाते, आणि बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. ‘रॉ’ऐवजी ‘नॉर्मल’ ठेवलं तर पडद्यावर दिसतात तेवढेच 1200 बिंदू मिळतात. आलेख छापायला तेवढे पुरतात, फूरिए विश्लेषणाला नाही.

बाइट रूपात एका वाचनात जास्तीत जास्त 250000 बिंदू येतात. स्मृती 1 कोटी 20 लाख बिंदूंची घेतली तर 48 वेळा वाचावं लागतं: 1 ते 250000, मग 250001 ते 500000, असं. सुरुवातीला इतकं घेऊच नये.

आलेले बाइट म्हणजे व्होल्ट नव्हेत. प्रीअँबलमध्ये दहा संख्या येतात, त्यांतल्या शेवटच्या तीन वायइन्क्रिमेंट, वायओरिजिन आणि वायरेफरन्स. सूत्र असं: व्होल्ट = (बाइट − वायओरिजिन − वायरेफरन्स) × वायइन्क्रिमेंट. 1 व्होल्ट प्रति चौकोन असताना इन्क्रिमेंट 0.04, रेफरन्स 127. ओरिजिन शून्य असेल तर 177 हा बाइट म्हणजे 50 × 0.04 = 2 व्होल्ट. हेच सूत्र सिग्लेंट एसडीएस1104एक्स-ईला लावाल तर आलेख मधोमध चिरलेला दिसेल, कारण तिथे बाइट चिन्हासहित असतात: 127 च्या वर गेला की 256 वजा करायचे. सगळेच आकडे दहापट किंवा एक दशांश येत असतील तर सूत्र तपासू नका, प्रोबवरचा 1एक्स-10एक्स खटका आणि चॅनलच्या मेनूतलं प्रमाण जुळतंय का ते बघा.

प्रश्न: 5555 पोर्टवरून वाचताना डेटा कधी पूर्ण येतो, कधी अर्ध्यावर तुटतो. प्रोग्राम तोच, केबल तीच. व्हर्टिकल स्केल बदलल्यावर दोष आपोआप गेला. (नाशिक)

उत्तर: वर म्हटलेला त्रास तो हाच. सॉकेटवर, म्हणजे थेट 5555 पोर्टवर, संदेश संपल्याची खूण म्हणून तुम्ही नवीन ओळीचं चिन्ह ठरवून दिलं असणार. त्या चिन्हाचा अंक 10. पण बायनरी डेटातला एखादा बाइटही 10 असू शकतो. तो आला की पायव्हिसा समजतं, संदेश संपला.

‘कधी’ का, त्याचंही कारण आहे. पडद्याची मधली रेघ म्हणजे 127 आणि एका चौकोनाला 25 पायऱ्या, म्हणून पडद्याची खालची कड 27 वर येते. लहर पडद्यात मावते तोवर 10 हा बाइट येतच नाही. लहर खाली पडद्याबाहेर गेली की येतो आणि वाचन तुटतं. व्हर्टिकल स्केल बदलल्यावर दोष ‘आपोआप’ गेला असं तुम्ही लिहिलं आहे, ते यामुळेच.

उपाय म्हणजे मोजून वाचणं. डेटाच्या आधी 11 बाइटांचं शीर्ष येतं: #, मग 9, मग पुढच्या बाइटांची नऊ अंकी संख्या, उदा. #9000120000. ही संख्या वाचून तितकेच बाइट घ्यायचे आणि शेवटी उरलेलं नवीन ओळीचं चिन्हही उचलून टाकायचं. ते राहिलं तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून रिकामी ओळ हाती येते. एवढं करायचं नसेल तर सॉकेट सोडून ‘इन्स्टर’ पत्ता वापरा. तिथे संदेशाचा शेवट डेटाबाहेरून कळतो. जाता जाता: 0 किंवा 255 हे बाइट दिसले तर लहर छाटली गेली आहे, ते मोजमाप टाकून द्या.

प्रश्न: ‘:सिंगल’ पाठवून लगेच डेटा मागितला की आधीचीच लहर येते. *ओपीसी? (काम पूर्ण झालं का, हे विचारणारी आज्ञा) टाकूनही फरक नाही. (पुणे)

उत्तर: ‘:सिंगल’ म्हणजे फक्त सापळा लावणं. ट्रिगर अजून यायचा असतो. *ओपीसी? वर या वर्गातल्या स्कोपच्या बाबतीत विसंबू नका. आज्ञा स्वीकारली इतकंच त्यातून कळतं. त्याऐवजी :ट्रिगर:स्टेटस? विचारत राहा. उत्तर ‘वेट’ असेल तर ट्रिगरची वाट, ‘स्टॉप’ आलं की डेटा तयार. मात्र ‘:सिंगल’नंतर 0.2 सेकंद थांबून मगच पहिल्यांदा विचारा, नाहीतर आधीच्या वेळचाच ‘स्टॉप’ मिळतो आणि तुम्ही पुन्हा जुनी लहर उचलता. ट्रिगर आलाच नाही तर प्रोग्राम कायमचा लटकू नये म्हणून वाट पाहण्याला मर्यादा घाला आणि ती संपली की :टीफोर्स पाठवून स्कोपला जबरदस्तीने पकडायला लावा. अशा नोंदीवर प्रोग्राममध्येच खूण करून ठेवा, नाहीतर ती खऱ्या मोजमापांत मिसळते.

मुदत संपल्याची चूकही येत असेल तर पायव्हिसाची ठरलेली मुदत 2000 मिलिसेकंद आहे हे ध्यानात घ्या. मोठ्या वाचनासाठी ती 10000 करा.

प्रश्न: टेक्ट्रॉनिक्स टीडीएस 210 पडून आहे, मागे सीरियल पोर्टचं मॉड्यूल आहे. त्याचा काही उपयोग? (कोल्हापूर)

उत्तर: नक्की. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर चालतो, पण केबल नल-मोडेम हवी, म्हणजे 2 आणि 3, तसंच 7 आणि 8 क्रमांकाच्या तारा अदलाबदल केलेली. सरळ केबलवर काहीच दिसत नाही, चूकसुद्धा नाही. वेग 9600 दोन्हीकडे सारखा ठेवा आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअरचा निवडा. सॉफ्टवेअरचा निवडला तर थांब आणि चल सांगणारी दोन चिन्हं बायनरी डेटात नेमकी सापडतात आणि वाचन अडतं.

या स्कोपची नोंद 2500 बिंदूंची. 9600 वेगाला सेकंदाला 960 बाइट जातात, म्हणजे बायनरीत एक लहर 2.6 सेकंदांत येते. अक्षरांच्या रूपात मागितली तर त्याच्या तिप्पट-चौपट वेळ. सूत्र: व्होल्ट = (आकडा − वायऑफ) × वायमल्ट + वायझीरो. विद्यार्थ्यांना सीरियल संवाद शिकवायला याहून चांगलं उपकरण मिळणार नाही.

प्रश्न: एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्राथमिक, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूची लहर संगणकात घ्यायची आहे. स्कोप यूएसबीने लॅपटॉपला जोडला आहे. प्लगची अर्थ पिन काढावी असं सांगतात. (ठाणे)

उत्तर: काढू नका. ज्याने सांगितलं त्यालाही हे सांगा.

प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या धातूच्या चौकटीला जोडलेली असते आणि चौकट तीन पिनी प्लगमधून अर्थला. एसएमपीएसच्या ब्रिज रेक्टिफायरनंतरचा ‘उणे’ बिंदू अर्थच्या पातळीवर नसतो. 230 व्होल्टच्या प्रत्येक आवर्तनाच्या उणे अर्ध्या भागात तो डायोडमार्फत फेजला जोडला जातो, शिखर 325 व्होल्टचं. तिथे क्लिप लावली की फेजपासून डायोड, क्लिप, चौकट, अर्थ असा थेट मार्ग तयार होतो. डायोड फुटतो, प्रोबची तार जळते आणि यूएसबी केबलचं आवरणही चौकटीलाच जोडलेलं असल्याने लॅपटॉपही त्या वाटेत येतो. अर्थ पिन काढली तर स्फोट टळतो, पण स्कोपची चौकट आणि बीएनसीची (प्रोब जोडायच्या सॉकेटची) कडी 325 व्होल्टवर जाते आणि तुमचा हात तिथेच असतो.

लॅन केबलने यातलं काही टळत नाही. लॅन पोर्टात ट्रान्सफॉर्मर असल्याने आवरण नसलेली केबल संगणकाला वेगळं ठेवते खरी, पण स्कोप स्वतः अर्थला बांधलेलाच राहतो. यूएसबी आयसोलेटरचंही तेच, शिवाय एडीयूएम4160 चिपचे स्वस्त आयसोलेटर 12 मेगाबिटपुढे जात नाहीत. इथे हाय-व्होल्टेज डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला फरक अर्थला न बांधता मोजणारा) हवा. तो येईपर्यंत दुय्यम, म्हणजे आउटपुटकडची, बाजू मोजा.

प्रश्न: संगणकावरून वापरल्यावर रायगॉल डीएस1052ईची बटणं चालेनाशी होतात. (जळगाव)

उत्तर: बिघाड नाही. दूरनियंत्रणात गेला की तो पॅनल कुलूपबंद करतो. ‘फोर्स’ बटण दाबा.

प्रश्न: उबुंटूवर यूएसबीने जोडलेला डीएस1054झेड फक्त सुडो (प्रशासकाचे अधिकार) दिल्यावर सापडतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: परवानगीचा प्रश्न आहे. एलएसयूएसबी या आज्ञेने पाहा, 1एबी1:04सीई ही ओळख दिसेल. तिच्यासाठी यूडेव्हच्या (लिनक्समधली उपकरणं सांभाळणारी सोय) नियमांच्या फोल्डरात एका ओळीचा नियम लिहून तुमच्या गटाला वाचण्या-लिहिण्याची मुभा द्या, नियम पुन्हा वाचायला लावा आणि केबल काढून लावा. केबल काढायची राहते म्हणून पुष्कळांना नियम चुकला असं वाटतं.

प्रश्न: विद्यार्थ्यांनी घरून स्कोप हाताळावा यासाठी राउटरवर 5555 पोर्ट बाहेर उघडावं का? (अमरावती)

उत्तर: मुळीच नाही. त्या पोर्टला पासवर्डच नाही. जो पोचेल तो स्कोपचा मालक. स्कोप प्रयोगशाळेतल्या एका संगणकालाच जोडा आणि विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या व्हीपीएनमधून किंवा एसएसएचने त्या संगणकापर्यंतच येऊ द्या. एका वेळी एकच जण, हे प्रोग्राममध्ये बसवा. दोघांच्या आज्ञा मिसळल्या की एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. स्कोपच्या पडद्यासमोर आणि सर्किट बोर्डावर एकेक वेबकॅम लावा. प्रोब सुटून बाजूला पडला असेल तर संगणकाला फक्त 50 हर्ट्झची घरघर दिसते, कॅमेऱ्यात प्रोब दिसतो. वीज जाऊन आल्यावर स्कोप आपोआप चालू होतो की बटण दाबावं लागतं, हे सुट्टी लागण्याआधी मेन स्विच बंद-चालू करून पाहून घ्या.