यॉर्कला एकच दिवस आहे? पुरतो!

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून ट्रेनने दोनेक तास. पहिल्यांदा जाणारे दहा ठिकाणांची यादी घेऊन धावत सुटतात, तेवढं टाळा. तीनच गोष्टी धरा:

- तटबंदी: साधारण साडेतीन किलोमीटर, फुकट. बूथम बार ते मंक बार (हे तटाचे जुने दरवाजे) एवढा तुकडा चाललात तरी झाडांमधून मिन्स्टर, म्हणजे इथलं भव्य कॅथेड्रल, दिसत राहतं. आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.
- रेल्वे म्युझियम: हेही फुकट. १९३८ साली ताशी २०३ किमी धावलेलं निळं 'मॅलार्ड' इंजिन इथलंच.
- मिन्स्टर: तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला लागत नाही.

शॅम्बल्सची गल्ली सकाळीच उरका, दुपारी मुंगीलाही वाट नसते. छत्रीऐवजी टोपीवालं जॅकेट घ्या. माझी छत्री तटावरच्या वाऱ्यात उलटी झाली होती.