छातीतली धडधड आणि आरोग्याची धास्ती

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे आहे. गेल्या वर्षी माझ्याच वयाच्या एका सहकाऱ्याचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले आणि तेव्हापासून माझे सारे लक्ष छातीकडे लागून राहिले आहे. रात्री आडवे झाल्यावर मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, मग धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपले काही खरे नाही असे वाटू लागते. ईसीजी, इको आणि ट्रेडमिल चाचणी यांचे अहवाल व्यवस्थित आले आहेत. अहवाल हाती आल्यावर काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. हा चिंताविकार आहे असे डॉक्टर म्हणतात आणि मला ते पटते; परंतु ज्या दिवशी खरोखरच हृदयाचा त्रास होईल, त्या दिवशी मी तोही मनाचा खेळ समजून अंगावर काढला तर?

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘काळजी करू नका’ असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. चिंताविकार असलेल्या माणसालाही हृदयविकार होऊ शकतो. खरी अडचण अशी की, निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हाच घाबरलेल्या मनाची निर्णयशक्ती सर्वांत कमी असते. म्हणून कोणत्या लक्षणांसाठी तातडीने रुग्णालय गाठायचे आणि कोणत्या लक्षणांसाठी काहीच करायचे नाही, हे शांत असताना, तुमची प्रकृती जाणणाऱ्या एकाच डॉक्टरांसमोर बसून ठरवावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

आधी त्या चुकलेल्या ठोक्याविषयी. तो बहुधा चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. हृदय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावल्यामुळे तो ठोका क्षीण असतो आणि जाणवत नाही. त्यानंतर क्षणभर विराम पडतो आणि पुढचा ठोका, हृदयात अधिक रक्त साठलेले असल्यामुळे, छातीवर आतून धक्का बसावा तसा जाणवतो. हृदयाचे दिवसाला सुमारे १ लाख ठोके पडतात आणि २४ तासांच्या होल्टर नोंदीत (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने घेतलेल्या सलग ईसीजीत) असे अवेळी ठोके निरोगी माणसांतही नेहमी आढळतात. इकोमध्ये हृदयाची रचना व्यवस्थित दिसली असेल, तर अधूनमधून येणारे असे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. रात्री ते अधिक जाणवतात, कारण बाहेरचे आवाज थांबलेले असतात आणि डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ येते.

पुढचे सारे भीतीने घडते. अॅड्रेनलिनमुळे ठोक्यांची गती आणि जोर वाढतो. श्वास नकळत भराभर होऊ लागल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. ही लाट साधारणपणे १० मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि मग ओसरू लागते. या तक्रारी कल्पित नसतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे : अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये धडधड, छातीत दुखणे आणि धाप लागणे यांचा त्रास पाहून डा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले होते, आणि त्यांपैकी अनेकांच्या हृदयात कोणताही दोष सापडला नव्हता.

आता त्या कागदाविषयी. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जडपणा येऊन तो काही मिनिटे टिकला, अथवा जबडा, मान, पाठ किंवा हातात पसरला; सोबत दरदरून घाम, धाप किंवा मळमळ असली; शुद्ध हरपली, विशेषतः श्रम करताना; तर विचार करीत न बसता रुग्णवाहिका बोलवावी. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखू लागणे आणि थांबल्यावर ते कमी होणे, असे प्रथमच घडले तर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात दुखणे सौम्य असून धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवाच पुढे येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. घाम आणि धाप ही भीतीचीही लक्षणे असल्यामुळे हा नियम पाळताना कधीतरी रुग्णालयाची एखादी फेरी अनावश्यक ठरेल. ती ठरू द्यावी. तिची लाज बाळगू नये.

कागदावर नसलेल्या लक्षणांसाठी मात्र तितकाच कठोर नियम हवा : नाडी मोजायची नाही, रक्तदाब पाहायचा नाही, इंटरनेटवर शोधायचे नाही. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि धास्तीने मनगटावर बोट ठेवले की ती वाढतेच. मनगटी घड्याळातल्या ईसीजीचेही तेच. त्यावरून ठोक्यांच्या काही अनियमितता ओळखता येत असल्या तरी हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. घाबऱ्या माणसाने हे घड्याळ रात्री तरी काढून ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या अहवालाने मिळणारा दिलासा काही दिवसांत विरतो, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. त्यामुळे पुढची चाचणी तुमच्या भीतीवरून ठरवू नये. लक्षण नवे आहे की बदललेले, यावरून ती डॉक्टरांनी ठरवावी. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, चहा-कॉफीचा अतिरेक, सर्दीची काही औषधे आणि दम्याचे काही इनहेलर यांनीही धडधड होते. हे एकदा तपासून घ्यावे. कुटुंबात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चिंताविकारावर बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा मानसोपचार (सीबीटी), उपयुक्त ठरतो. त्यात भीती वाटणारी संवेदना टाळायला शिकवत नाहीत, ती मुद्दाम निर्माण करायला लावतात : जागच्या जागी धावून धडधड वाढवायची आणि ती आपोआप ओसरताना पाहायची. तुमची ट्रेडमिल चाचणी व्यवस्थित आहे, तरीही डॉक्टरांची संमती घेऊनच हे करावे. गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे ती मध्येच सोडू नयेत.

प्रश्न : माझे पती रोज रात्री माझ्या हातात मनगट देऊन ‘नाडी नीट आहे ना?’ असे विचारतात. ‘नीट आहे’ म्हटले की झोपतात. हे चूक आहे का?

उत्तर : हेतू चांगला आहे, पण त्या उत्तराने प्रश्न दुसऱ्या रात्रीपर्यंतच मिटतो. एकदम नकार दिलात तर त्यांना एकटे पडल्यासारखे वाटेल, म्हणून दिवसा बोलून ठरवा की, तुम्ही नाडी पाहणार नाही, मात्र सोबत बसाल. रात्री विचारले तर ‘कागदावरचे काही होते आहे का?’ एवढेच विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर लगेच निघा, आणि ‘नाही’ असेल तर दुसरा विषय काढा. पहिले काही दिवस ते अधिक बेचैन होतील, कदाचित चिडतील. हे अपेक्षित आहे आणि त्या दिवसांत मनगट पुन्हा हाती न घेणेच सर्वांत कठीण जाईल.