पहिल्या पाव मुठीची गाडी

वाचकांचे प्रश्न : या वेळी छोट्या फोर-स्ट्रोक ट्रायल्स गाड्या (दगड-ओढ्यांतून, पाय न टेकता, सावकाश चालवण्याच्या स्पर्धेच्या)

जुनी होंडा टीएल १२५ हाती लागली आहे. चालू आहे, पण दम नाही. बोअर वाढवून दीडशे सीसी करायचं, हॉट कॅम टाकायचा, मोठा कार्ब्युरेटर लावायचा आणि फ्लायव्हील हलकं करायचं असं ठरवलंय. सुरुवात कशापासून करू?

यादीतलं शेवटचं काम आधी खोडून टाका. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या दांड्यावरच्या जड फिरत्या चाकाला, हात लावू नका.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्याकडे ही गाडी आली तेव्हा मी नवशिकी होते. हलकं फ्लायव्हील म्हणजे चपळ इंजिन एवढंच ऐकलं होतं, म्हणून लेथवर चढवून कडेचं चांगलं चारशे ग्रॅम लोखंड काढून टाकलं. सपाट मैदानात मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) पिळली की इंजिन झटकन वर जायचं, मी खूश. पुढच्याच रविवारी ओढ्यातल्या गुडघाभर उंच दगडावर पुढचं चाक चढलं, मागचं चाक टेकलं आणि इंजिन गप्प. पाय टेकला, गाडी उलटी घसरली, दंडाचे पाच गुण बसले. दिवसभर प्रत्येक पायरीवर तेच.

कारण साधं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी कामाला येते. हजार आरपीएमला एका सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला आठच धक्के बसतात. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात गाडी पुढे नेतं ते फ्लायव्हील. दगडावर मागचं चाक चढताना इंजिन नेमकं त्याच आरपीएमला आलेलं असतं. शेवटी मी दुसरं फ्लायव्हील मिळवलं, त्याला लोखंडी रिंग बसवून ते मूळच्यापेक्षा जड केलं आणि नीट बॅलन्स करून घेतलं. तीच गाडी आज मी चालवते.

आता बोअर. या इंजिनचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ५६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी, म्हणजे १२२ सीसी. एक मिलिमीटर मोठा पिस्टन टाकलात तर १२६ सीसी होतात. दीडशेच्या जवळ जायला ६२ मिमीचा पिस्टन लागेल. त्याला जुना लायनर (सिलिंडरची आतली नळी) पुरत नाही, क्रँककेसचं तोंडही कापावं लागतं. शिवाय हेडमधली जागा तेवढीच राहते. समजा कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८:१ आहे, तर ही जागा सुमारे साडेसतरा सीसीची. त्यात दीडशे सीसी कोंबले की कॉम्प्रेशन साडेनऊच्या पुढे जातं. मग किक जड होते, आणि उतारावर मूठ सोडली की मागचं चाक अडखळत घसरतं. सिलिंडर झिजला असेल तर पहिल्या ओव्हरसाइझचा (मूळपेक्षा किंचित मोठा) पिस्टन जरूर टाका. झिजला नसेल तर आहे तेच बोअर राहू द्या.

हॉट कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. त्याचा फायदा वरच्या आरपीएमला होतो. खाली मात्र आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. मोठ्या कार्ब्युरेटरचंही तेच : तोंड मोठं झालं की हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट ओढलं जात नाही. दोन्हींनी मिळते ती ताकद ट्रायल्समध्ये आपण कधी वापरतच नाही. आपली सगळी गाडी पहिल्या पाव मुठीत असते. बेल्जियमच्या एडी लेज्यूनने १९८२, ८३ आणि ८४ अशी लागोपाठ तीन वर्षं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर जगज्जेतेपद मिळवलं, तेही टू-स्ट्रोक गाड्यांच्या गर्दीत. फोर-स्ट्रोकचं बळ हे असं खालून, सलग येणाऱ्या ओढीत असतं. ते घालवू नका.

‘दम नाही’ म्हणता, तर आधी फुकटची कामं करा. गाडी न्यूट्रलला टाकून दोन्ही चाकं हाताने फिरवा, ब्रेक धरतोय का बघा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर तपासा. या इंजिनांत ते साधारण ०.०५ मिमी असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडाच खरा माना. सायलेन्सर काढून टॉर्चने आत बघा. इतक्या जुन्या गाडीत कार्बन आणि गंज मिळून निम्मी वाट बंद झालेली मी एकदा नाही, तीनदा पाहिली आहे.

आयडलला छान चालते, पण पायरीसमोर मूठ किंचित उघडली की ‘बुप्’ करून बंद पडते. मेन जेट दोन नंबर मोठा टाकला, फरक नाही.

फरक पडणार नाहीच. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र. त्यातल्या मेन जेटचं काम तीन-चतुर्थांश मुठीनंतर सुरू होतं. तुमचा त्रास त्याच्या खूप आधी आहे. मूळ मेन जेट परत बसवा.

आयडलपासून साधारण आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. तिथून पावापर्यंत स्लाइडचा (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) तिरका काप. पुढे स्लाइडला लटकलेली सुई. या क्रमानेच जा.

इंजिन चांगलं गरम करा. दहा मिनिटं खरी चालवून, नुसती उभी ठेवून नाही. आयडल थोडं वर घ्या आणि पायलट स्क्रू पाव-पाव आटा फिरवत कान द्या. एका जागी आवाज वर चढतो आणि एकसारखा होतो. तिथून पुढे गेलात की परत खाली येतो. ती मधली जागा पकडा. मग आयडल उतरवा आणि पुन्हा एकदा स्क्रू बघा. मी हे करताना हात सायलेन्सरच्या तोंडापाशी धरते. बरोबर जागी हवेच्या फुंकरी एकसारख्या लागतात, चुकीच्या जागी मधूनच एक फुंकर गळते. कानाआधी हाताला कळतं.

आता स्क्रू कुठे आहे ते पाहा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत फिरवला की पातळ (पेट्रोल कमी) होतं. या दोघांची गल्लत झाल्याने लोक महिनेच्या महिने उलट्या दिशेने जातात. पूर्ण बंद जागेपासून मोजून हवेचा स्क्रू एका आट्याच्या आतच चांगला लागत असेल तर पायलट जेट लहान आहे. अडीच आट्यांपलीकडे लागत असेल तर मोठा. पेट्रोलच्या स्क्रूला याच्या उलट.

पायलट जमला आणि तरी ‘बुप्’ येतंय, तर स्लाइड एक नंबर कमी कापाची घ्या. काप कमी म्हणजे मिश्रण घट्ट. पण त्याआधी इनटेकच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या) रबराला बारीक चीर आहे का ते नक्की बघा. रबर बोटांनी वाकवून बघावं लागतं, सरळ असताना चीर दिसत नाही.

किक मारताना पायाला उलटा फटका बसतो आणि अगदी हळू चालवताना गाडी हिसके देते. टायमिंग एफ खुणेवर (ठिणगी पडण्याच्या खुणेवर) बरोबर आहे. पॉइंट नवे आहेत.

पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) प्लेटमागचं अ‍ॅडव्हान्स युनिट काढा. त्यात दोन छोटी वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. आरपीएम वाढलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. वर्षानुवर्षांनी स्प्रिंगा लांबतात, किंवा वजनाच्या पिना सुक्या पडून अडकतात. मग किकच्या वेळीच ठिणगी पुढे सरकलेली असते. कॅम बोटांनी फिरवून सोडा. तो ‘टक्’ करून जागेवर यायला हवा. स्प्रिंगचा हूक पिनेवर सैल हलत असेल तर ती बदलाच. पिना साफ करून नखावर राहील एवढंच ग्रीस लावा, जास्त लावलंत तर पॉइंटवर उडेल. मग स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून आयडलला खूण स्थिर राहते का ते बघा.

गिअरिंग कमी करायचं आहे. पुढचं स्प्रॉकेट बदलू की मागचं?

पुढचं आधी. चौदावरून तेरा दात केले तर सुमारे आठ टक्के फरक पडतो. तोच फरक मागे आणायचा तर चाळीसचे त्रेचाळीस करावे लागतील. पण फार लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन घट्ट वळते आणि स्विंगआर्मला घासते, तिथे लक्ष ठेवा. माझी कसोटी : सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये, मूठ न लावता, गाडी माणसाच्या सावकाश चालीने चालली पाहिजे.

टायरमध्ये हवा किती?

ट्रायल्स टायर असतील तर पुढे ६ आणि मागे ५ पीएसआयपासून सुरू करा. ट्यूब असेल तर रिम-लॉक हवाच, नाहीतर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटतो. त्या हवेवर रस्त्याने घरी जाऊ नका, गाडीसोबत पंप ठेवा. आणि कमी दाब नीट दाखवणारं गेज घ्या. साठपर्यंतच्या गेजवर पाच म्हणजे निव्वळ अंदाज.

फूटरेस्ट मागे घ्यावेत असं सगळे सांगतात. किती?

मी २५ मिमी मागे आणि १५ मिमी खाली घेतले आहेत. पण माझ्या उंचीचा आकडा तुम्ही उचलू नका. गाडी मित्राला धरायला सांगा, उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि हँडल सोडून द्या. तोल मागे जात असेल तर फूटरेस्ट मागे हवेत. मागे नेले की पुढचं चाक सहज उचलतं, पण फार मागे नेले तर चढावर ते भरकटतं.

पक्कं वेल्डिंग करण्याआधी दोन बोल्टवर तात्पुरत्या पट्ट्या लावून महिनाभर चालवा. आणि मागच्या ब्रेकचं पेडल विसरू नका. फूटरेस्ट मागे सरकले की बूट पेडलपर्यंत पोचत नाही, आणि हे लक्षात येतं ते उतारावरच. पेडल कापून तेवढंच आखूड करा, टोकाला दाते पाडा, नाहीतर चिखलात बूट घसरेल.